पाककृतींच्या पुस्तकाचा दौरा : स्वाक्षरीच्या टेबलापासून उलटी आखणी

कथा-कादंबरीच्या लेखकाला दौऱ्यावर एक पेन आणि चार पानं वाचून दाखवण्यापुरता आवाज असला तरी भागतं. पाककृतींच्या पुस्तकाचं तसं नसतं. लोक चवीच्या अपेक्षेने येतात, पुस्तक रंगीत आणि जड असतं, आणि तेलकट बोटं कोऱ्या पानावर उमटायला एक क्षण पुरतो. त्यामुळे आखणीची सुरुवात हॉलपासून किंवा पाहुण्यांपासून करू नये. स्वाक्षरीच्या टेबलापासून करावी. तिथे एका प्रतीला किती वेळ लागतो यावरून बाकीचे सगळे आकडे ठरतात.

आधी वजन आणि वेळ

पुस्तकाचं वजन छापण्याआधीच काढता येतं. एका पानपत्राचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या, त्याला पानपत्रांच्या संख्येने (म्हणजे एकूण पानांच्या निम्म्याने) आणि कागदाच्या जीएसएमने (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) गुणा. सव्वासात बाय साडेनऊ इंच आकाराचं, १३० जीएसएम आर्ट पेपरवरचं २५६ पानी पुस्तक नुसतं आतल्या पानांनीच साधारण ७४० ग्रॅम भरतं. पुठ्ठा बांधणी धरली की ८५० ग्रॅमच्या आसपास जातं. याउलट डेमी (साडेपाच बाय साडेआठ इंच) आकाराचं, ८० जीएसएम मॅपलिथोवरचं, म्हणजे साध्या, न चकाकणाऱ्या कागदावरचं २०० पानी पुस्तक पाव किलोच्या थोडं वर राहतं. पहिल्या प्रकारच्या वीस प्रतींचं खोकं १७ किलोचं होतं, आणि एका माणसाने जिना चढून न्यायला तेवढंच पुरे. चाळीस प्रतींचं एकच खोकं बांधलं की ते वाटेत कुठेतरी खालून फाटतं. विमानाच्या १५ किलोच्या मोफत सामानात तर कपडे न घेताही जेमतेम सतरा प्रती बसतात. म्हणून जड पुस्तक सोबत न्यायचं नाही, आधी पाठवायचं.

आता वेळ. नुसती सही करायला पंधरा-वीस सेकंद लागतात. नाव, एक ओळ, तारीख आणि "कुणासाठी घेताय हो? आईला आवडेल" एवढं बोलणं धरलं तर सव्वा मिनिट. साठ प्रतींना पंचाहत्तर मिनिटं झाली. हॉल संध्याकाळी सहा ते नऊ मिळाला असेल तर मांडामांड आणि आवराआवर वगळून हातात दोन-सव्वादोन तास उरतात. म्हणजे व्यासपीठावरचा कार्यक्रम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या वर जाता कामा नये. आपल्याकडे नेमकं इथेच गाडं अडतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय समारोप, आभार हे सगळं ठेवलं तर सव्वा तास त्यातच जातो आणि पुस्तक घ्यायला आलेली बाई शेवटच्या लोकलसाठी रिकाम्या हाताने उठते. प्रकाशन सोहळा एकदाच, एका शहरात, हवा तेवढा थाटात करा. पुढच्या गावांत एक मुलाखतकार, लेखिका आणि आठ-दहा प्रश्न एवढंच पुरे. सत्कार करायचाच असेल तर शालीऐवजी दोन वाक्यांत करावा.

कोणत्या महिन्यात, कोणत्या गावाला

दिवाळीच्या आधीचे चार आठवडे, आणि डिसेंबर ते संक्रांत, हे दोन काळ सर्वांत चांगले. पितृपक्षात बरीच मंडळी नवं काही सुरू करत नाहीत, खरेदीही टाळतात. पुस्तकात मासे-मटण असेल तर श्रावणात त्या पदार्थांची चव ठेवण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे घरं बंद असतात. जुलैत कोकण-गोव्याकडे गठ्ठे पाठवले तर आर्ट पेपर दमट हवेत लहरतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. पाठवायचेच असतील तर खोक्याच्या आत प्लॅस्टिकचं अस्तर हवं आणि खोकी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवायला सांगावं.

संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा काळ पाककृतींच्या पुस्तकाला वरदान आहे, आणि प्रकाशक तो फार कमी वापरतात. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला शंभर-दीडशे बायका आपणहून जमलेल्या असतात, हॉलचं भाडं आपल्याला पडत नाही, आणि वाणाचा प्रश्न मंडळापुढे असतोच. मूळ पुस्तक वाण म्हणून लुटायला महाग पडतं. पण त्यातल्या आठ-दहा पाककृतींची सोळा किंवा चोवीस पानी पिनबंद पुस्तिका काढली तर मंडळ ती घाऊक घेतं, आणि मागच्या पानावर मुख्य पुस्तकाची जाहिरात घरोघर जाते. त्यासाठी मंडळांशी बोलणी नोव्हेंबरातच करावी लागतात. डिसेंबर अखेरपर्यंत वाणाच्या वस्तू ठरून गेलेल्या असतात.

मार्ग असा आखावा की गठ्ठे परत फिरवावे लागणार नाहीत. मुंबई, ठाणे, नाशिक ही एक फेरी, आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर व तिथून घाट उतरून गोवा ही दुसरी. नागपूरला वेगळाच दौरा करावा आणि त्याला अमरावती जोडावी. एका शहरात एकच कार्यक्रम सहसा परवडत नाही. समजा हॉल पाच हजार, चवीचे पदार्थ साडेतीन हजार, प्रवास-मुक्काम चार हजार, म्हणजे साडेबारा हजार झाले. ५०० रुपयांच्या पुस्तकामागे तुमच्या हातात दोनशे उरत असतील तर नुसता खर्च भरून निघायला त्रेसष्ट प्रती खपायला हव्यात. त्यापेक्षा सकाळी वाचनालयात किंवा महिला मंडळात, संध्याकाळी पुस्तकाच्या दुकानात असे दोन कार्यक्रम त्याच तिकिटात बसवा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर यांसारख्या जुन्या संस्थांचा स्वतःचा वाचकवर्ग असतो, आणि त्यांच्या सूचना फलकावरची एक चिठ्ठी समाजमाध्यमावरच्या दहा पोस्टपेक्षा जास्त माणसं आणते. पुण्यात दुपारी एक ते चार काही ठेवू नये, हे सांगायला नकोच.

दुकानदाराशी काय ठरवायचं

तोंडी काही ठेवू नका. निदान एवढं लिहून घ्या : प्रती कोण आणणार, कमिशन किती, विक्री किंवा परत या अटीवर आहेत का, पैसे किती दिवसांत, आणि स्वाक्षरी केलेल्या पण न खपलेल्या प्रती कुणाच्या. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. लेखिका उत्साहात उरलेल्या तीस प्रतींवर सह्या करून जाते, महिन्याने दुकानदार त्या परत पाठवतो, आणि प्रकाशक दुसऱ्या दुकानाला पाठवताना अडतो, कारण त्यांवर आधीच्या गावाचं नाव आणि तारीख असते. दुकानात ठेवायच्या प्रतींवर फक्त सही करावी, गाव आणि तारीख नाही.

कमिशन साधारण तीस ते चाळीस टक्के धरून चाला. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे बिल सरळ असतं. पण पुस्तकासोबत स्वतःच्या गोड्या मसाल्याचं पाकीट विकायचा मोह होतो, तिथे प्रकरण बदलतं. पाकीटबंद खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते आणि पाकिटावर घटक, वजन, तारीख, उत्पादकाचा पत्ता असं सगळं लेबल लागतं. ते नसेल तर मसाला विकू नका. बहुतेक दुकानदार तशी वस्तू काउंटरवर ठेवूही देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

प्रती किती पाठवायच्या? जितक्या खुर्च्या, त्याच्या निम्म्या. ऐंशी खुर्च्यांना चाळीस प्रती, आणि वीस प्रतींचं एक खोकं न उघडता मागे. खोकी कार्यक्रमाच्या चार दिवस आधी पोचलेली हवीत आणि दुकानदाराने ती मोजून निरोप दिलेला हवा. "पोचली" एवढा निरोप पुरत नाही, "साठ पोचल्या" असा हवा. थोड्या प्रतींसाठी टपाल खात्याची २०२५ मध्ये सुरू झालेली ज्ञान पोस्ट सेवा आहे. तीत ५ किलोपर्यंतचं पुस्तकांचं पाकीट स्वस्तात जातं, पण ते जमिनीवरच्या वाहतुकीने जातं, म्हणून घाईच्या कामाला उपयोगी नाही. गठ्ठ्यांसाठी खासगी ट्रॅव्हल्सचं पार्सल किंवा कुरिअर बघावं. खोक्यात पुस्तकं आडवी, कणे आळीपाळीने उलट-सुलट ठेवून भरा. चारही कोपऱ्यांत चुरगळलेला कागद कोंबा. कोपरा दबलेली प्रत कुणी घेत नाही.

चव : काय ठेवायचं, किती आणि कधी

चवीचे पदार्थ दोन पुरे, फार तर तीन. निवडताना एकच कसोटी लावा : केल्यानंतर चार तासांनी, गार, पंख्याखाली, कागदी द्रोणात तो पदार्थ चांगला लागतो का? तिखटमिठाच्या पुऱ्या, नारळाच्या वड्या, शंकरपाळे, तळलेली अळूवडी (हिचा कुरकुरीतपणा जातो, चव राहते), धपाटे हे पास होतात. सोलकढी, ओल्या नारळाची चटणी, दहीवडे, सुरळीच्या वड्या नापास. सोलकढी उन्हाळ्यात दोन-तीन तासांतच आंबूस होते आणि मग लोकांना वाटतं पाककृतीच चुकीची आहे. दूध, ओलं खोबरं, दही किंवा मासे-अंडी असलेला कोणताही पदार्थ ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये दोन तासांहून जास्त ठेवू नये. बर्फाची पेटी किंवा गरम ठेवणारं भांडं नसेल तर तो पदार्थ यादीतून काढून टाका. नारळाची वडी साखरेत आटलेली असते, म्हणून ती या नियमातून सुटते.

आणि त्या गावचाच मानाचा पदार्थ त्या गावाला नेऊ नये. कोल्हापुरात तांबडा रस्सा ठेवलात तर पुस्तकावर कुणी बोलणार नाही, सगळे रश्श्याची उणीदुणी काढत बसतील.

ऐंशी माणसांसाठी नव्वदांचा हिशेब धरा. दोन इंची तिखटमिठाच्या पुऱ्या प्रत्येकी दोन म्हणजे १८०. एक किलो कणीक, साधारण साडेचारशे मिली पाणी आणि मोहन धरून दीड किलोच्या आसपास गोळा होतो, त्यातून आठ-आठ ग्रॅमच्या तेवढ्या पुऱ्या निघतात. नारळाच्या वड्या प्रत्येकी एक, १५ ग्रॅमची. म्हणजे सव्वा ते दीड किलो वडी, आणि तिला चार मोठ्या नारळांचं खोबरं, साधारण पाऊण किलो, व तेवढीच साखर. पुऱ्या तळून पूर्ण गार होईपर्यंत डब्याचं झाकण लावू नका. वाफ आत कोंडली की तळाच्या चार थरांचा लगदा होतो. डब्यात दर दोन थरांनंतर कागद घाला. परगावी स्वयंपाक स्वतः करत बसू नका. तिथल्या एखाद्या नोंदणीकृत केटरर ताईंना पाककृती आणि मोजमाप आठवडाभर आधी पाठवा, एकदा करून त्याचा फोटो मागवा, आणि नोंदणी क्रमांक विचारून ठेवा. फोटोत रंग पसंत पडला नाही तर फोनवर बोलून घ्या. तिखटाची जात बदलली की पुरीचा रंग आणि जिभेवरची धग दोन्ही बदलतात.

प्रत्येक पदार्थापुढे पुठ्ठ्याची पाटी हवी : पदार्थाचं नाव, पुस्तकातलं पान, आणि त्यात शेंगदाणे, तीळ, काजू, गहू, दूध, अंडं यांपैकी काय आहे ते. दाण्याचं कूट आपल्या स्वयंपाकात इतकं सहज पडतं की ते सांगायचं राहून जातं, आणि दाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. कांदा-लसूण आहे की नाही आणि उपवासाला चालतं की नाही हेही लिहा, नाहीतर टेबलावरचा स्वयंसेवक संध्याकाळभर तेच सांगत राहतो. पानाचा क्रमांक मात्र सर्वांत महत्त्वाचा. वडी तोंडात असताना माणूस ते पान उघडून बघतो, आणि विक्री तिथेच होते.

चव द्यायची वेळ : सहीनंतर. क्रम असा ठेवा की दारातून आत येताच विक्रीचं टेबल, मग खुर्च्या, मग सहीचं टेबल, आणि त्याच्या पलीकडे निदान दहा फुटांवर खाण्याचं टेबल, बाहेरच्या दाराजवळ. खाणं आधी दिलं की हळदीच्या तेलाचे ठसे पहिल्या पानावर उमटतात, आणि खाऊन झालेली अर्धी माणसं रांगेत न थांबता निघून जातात. पाहायला ठेवलेली एक प्रत खाण्याच्या टेबलाजवळ प्लॅस्टिकच्या वेष्टनात असू द्या. ती खराब होणारच, आधीच खर्चात धरा.

प्रात्यक्षिक करायचंच असेल तर

बहुतेक सभागृहांत आणि सगळ्याच दुकानांत गॅस पेटवू देत नाहीत. इंडक्शन नेलं तर सॉकेट पाहून या. साधं ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंत झेपतं. २००० वॅटची शेगडी पूर्ण जोरावर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढते. ती तिथे लावली की एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका) पडतो आणि त्याच लाइनवर असलेला माइकही जातो. एक तर १६ अँपिअरचं सॉकेट शोधा, नाहीतर शेगडी १२०० वॅटच्या खाली ठेवा आणि ध्वनिव्यवस्था दुसऱ्या लाइनवर घ्यायला सांगा. पितळेची, तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची भांडी साध्या इंडक्शनवर तापत नाहीत. सपाट तळाचा लोखंडी तवा चालतो, खोलगट बुडाची कढई चालत नाही. फोडणीचा धूर दुकानातल्या धूर-सूचकाला लागला तर सगळ्यांना बाहेर काढावं लागेल, म्हणून मिरच्या जाळायच्या पाककृती टाळा. मिक्सर लावू नका, वाटण करून न्या. माइक कॉलरला लावला की ॲप्रनचा खसखस आवाज येतो, त्यामुळे कानामागे अडकवायचा बरा.

खरं तर शिजवून दाखवण्यापेक्षा हाताची एखादी युक्ती दाखवणं जास्त रंगतं : मोदकाच्या पाऱ्या, अळूच्या पानांचं वळण, पुरणपोळीचा उंडा भरणं. वीज लागत नाही, वास येत नाही, वेळ हातात राहतो.

पेन, पान आणि नाव

चकचकीत आर्ट पेपरवर जेल पेन आणि शाईचं पेन वाळत नाही. पुस्तक मिटताच सही समोरच्या पानावर उलटी उमटते. तिथे बारीक टोकाचं परमनंट मार्कर लागतं. तेच मार्कर मॅपलिथोच्या अस्तरपानावर वापरलं तर शाई पाठीमागे फुटते, आणि तिथे साधं बॉलपेन किंवा जेल पेन उत्तम. आपल्या पुस्तकात कोणता कागद कुठे आहे ते बघून, एका खराब प्रतीवर चार पेनं चालवून, मिनिटभराने अंगठा फिरवून पाहा. जे पसरणार नाही त्याची सहा नगं घ्या. शंका असेल तर सही केलेल्या पानावर टिपकागदाची पट्टी ठेवूनच पुस्तक मिटा.

नावाची चिठ्ठी ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी गोष्ट. रांगेत उभ्या माणसाला स्वयंसेवक एक चिकट चिठ्ठी देतो, तो त्यावर नाव स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहितो, चिठ्ठी सहीच्या पानावर लावून पुस्तक उघडंच पुढे येतं. दिप्ती की दीप्ती, शर्वरी की शार्वरी, हा घोळ तिथेच संपतो. चुकीच्या नावाची प्रत कुणालाच विकता येत नाही. मजकुराच्या तीन ओळी आधीच ठरवून ठेवा : एक सर्वसाधारण, एक लग्नाच्या भेटीसाठी, एक नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्यासाठी. कुणी जुनी, डाग पडलेली, मसाल्याचा वास येणारी प्रत आणली तर तिच्यावर सही आधी करा. मागचे लोक ते पाहतात.

टेबलावर दोन माणसं हवीतच. एक पैसे आणि प्रती बघणारा, दुसरा रांग आणि चिठ्ठ्या. यूपीआयचा कोड छापून दोन ठिकाणी लावा, पण तळमजल्याच्या हॉलमध्ये नेटवर्क नसतं हे गृहीत धरून सुट्ट्या नोटाही ठेवा. किंमत ४९५ असेल तर पाचाची नाणी मोजत बसावं लागेल. ती ५०० ठेवलेली बरी.

लोक काय विचारतात

"तुमची वाटी केवढी?" हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. पुस्तकात वाटी १५० मिलीची धरली आहे की २०० मिलीची, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि ती वाटी पर्समध्ये असेल तर त्याहून चांगलं. चमचा चहाचा की पोह्याचा, हा त्याचा धाकटा भाऊ. वाचक चुकाही दाखवतात : साहित्यात मीठ आहे, कृतीत ते पडतच नाही, यादीत गूळ, कृतीत साखर. वाद न घालता वहीत पान क्रमांकासह लिहून घ्या. दौरा पाच-सहा गावांचा असेल तर तिसऱ्या गावापासून शुद्धिपत्राची छोटी चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत ठेवता येते. दुसऱ्या आवृत्तीचं अर्धं संपादन असंच होतं.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांकडून बोलावणं आलं तर एक खबरदारी. २३ किलोच्या बॅगेत वर सांगितलेल्या जड पुस्तकाच्या, बॅगेचं स्वतःचं वजन न धरता, जेमतेम सत्तावीस प्रती बसतात, पण पर्यटक व्हिसावर जाऊन स्वतः विक्री करणं अडचणीचं ठरू शकतं. प्रती मंडळाने किंवा तिथल्या विक्रेत्याने आधी मागवून विकाव्यात, तुम्ही फक्त बोलावं आणि सही करावी. पदार्थ इथून नेऊ नका, तिथल्या घरांत करून घ्या, आणि तिथल्या मैद्या-कणकेला पाणी वेगळं लागतं हे त्यांना आधी कळवा.

परतल्यावर

प्रत्येक गावासाठी एक पान ठेवा : पाठवल्या, विकल्या, भेट दिल्या, खराब झाल्या, उरल्या. या पाचांची बेरीज जमली नाही तर त्याच रात्री शोधा, महिन्याने काही आठवत नाही. भेटीच्या प्रती आधी ठरवून घ्या, गावाला तीनपेक्षा जास्त नको, नाहीतर व्यासपीठावरच्या प्रत्येकाच्या हातात एक प्रत जाते आणि हिशेब तुमच्या अंगावर येतो. दुकानदाराला चौथ्या दिवशी उरलेल्या प्रतींचा आकडा विचारा, तीस दिवसांनी पैशांचा फोन करा, आणि पंचेचाळीस दिवसांनंतरही आले नाहीत तर उरलेल्या प्रती परत मागवून त्या पुढच्या गावाच्या दुकानाकडे वळवा.